आप्पांची जीभ कोण कापतंय?

१

चिंधा आप्पांनी काउंटरवर फोन आपटला, आधी स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, मग फोनकडे, आणि दोन्ही हात झटकले. गेलं. सगळं गेलं.

कोसाडच्या वसाहतीत जिन्याखाली माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. पंखा लावला तर बारीक स्क्रू उडतात आणि बंद केला तर मी उकडून निघते. पाटीवर ‘चंचल मोबाईल’ असं लिहिलंय. नवीन गिऱ्हाईक विचारतं, शेठ कुठं गेले? मी म्हणते, तुमच्यासमोरच बसलेत. मग तो फोन देताना कचरतो, आणि मीही मुद्दाम त्याला ताटकळत ठेवते.

आप्पा मात्र जुने गिऱ्हाईक. उभं आयुष्य लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून काढलेलं. लूम चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही, पण आप्पांनी दिलेली शिवी खात्याच्या त्या टोकाला स्पष्ट ऐकू जायची, असं लोक सांगतात. तंबाखूने घात केला. गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली, आता गळ्यात भोक आणि भोकात नळी. तेव्हापासून आप्पा नोट्सच्या ॲपमध्ये लिहितात आणि फोन समोरच्याच्या नाकाला लावतात. ॲप मीच टाकून दिलं होतं. अक्षरं मोठी करून दिली होती. माणूस एवढा बोलका, आणि त्याचा सगळा आवाज आता त्या चार बोटांच्या काचेत अडकलेला. मला बघवायचं नाही.

सोबत त्यांचा मुलगा भूपेंद्र होता. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये तो सुपरवायझर आहे. त्याने तक्रार सांगितली. ॲप उघडलं की आपोआप बंद पडतं, सिंकचं चक्र नुसतं फिरत राहतं, आणि काल लिहिलेलं आज सापडत नाही. होळीनंतर हे सुरू झालं.

मी फोन पाहिला तर आत जागाच नव्हती. लग्नांचे व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छांची फुलं, नको ते सगळं भरलेलं. जागा नसली की असली ॲप मान टाकतातच. मी सगळं झाडून काढलं, ॲप नवं केलं, सिंक फिरून थांबलं. चालशे, चालेल आता, म्हटलं, घेऊन जा.

आठवडा गेला नाही तर बाप-लेक पुन्हा हजर. ॲप आता बंद पडत नव्हतं. सिंक लोण्यासारखं चालत होतं. पण नोट्स जातच होत्या. तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं. त्या ॲपमध्ये टाकून दिलेल्या नोट्स काही दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतात आणि मग कायमच्या पुसल्या जातात. ट्रॅश उघडलं आणि आप्पांचे शब्द तिथे एकावर एक पडलेले दिसले.

“ॲप बिघडलेलं नाही,” मी म्हणाले. “नोट उघडून कचऱ्याच्या चिन्हावर बोट दाबल्याशिवाय ती इथे येत नाही. कुणीतरी हाताने टाकतंय.”

मी आपलं मेकॅनिकसारखं सरळ सांगितलं होतं. भूपेंद्रचा चेहरा एकदम उतरला. तिन्ही फोनमध्ये, म्हणजे त्याच्या, आप्पांच्या आणि त्याच्या बायकोच्या, एकच खातं घातलेलं होतं. त्या वेळी मी नको म्हटलं होतं, तर हा म्हणाला होता, घरातलं घरात, काय बिघडतं? आता तोच बोटं मोजल्यासारखं बोलायला लागला. मी दिवसभर मिलमध्ये. घरात आई आणि माझी बायको नूतन, दोघीच. आईला अक्षर ओळखता येत नाही, ती कशाला टाकेल? आणि आप्पा लिहितात कोणाबद्दल? नूतनबद्दल.

मी म्हटलं, अरे थांब, एवढ्यात फासावर चढवू नको. पण तो दुकानाबाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला होता. शिरपूरला मेहुण्याला. मला तेवढं ऐकू आलं. येत्या रविवारी येऊन बहिणीला घेऊन जा, आणि परत पाठवायची घाई करू नका.

२

मी काय कोर्ट आहे का? पण ‘कुणीतरी हाताने टाकतंय’ हे वाक्य माझ्या तोंडचं होतं, आणि त्याच वाक्यावर एका पोरीला घराबाहेर काढत होते. ट्रॅशमधल्या सगळ्या नोट्स मी परत जागेवर ठेवून दिल्या होत्या. दोनच दिवसांत आप्पा पुन्हा दुकानात आले आणि त्यांनी हात झटकले. त्यातल्या निम्म्या पुन्हा गेल्या होत्या. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्यांच्या मागोमाग जिना चढले.

चौथा मजला, लिफ्ट नाही. एप्रिलचं ऊन भिंतीतून आत येत होतं. आप्पा घरात शिरले आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून थेट दारातच मांडली. आत-बाहेर जायचं तर त्यांच्या गुडघ्यांना लागून जावं लागतं. गॅलरीला चोरांच्या भीतीने जाळी ठोकलेली, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पुढच्या इमारतीची भिंत. त्या घरात मला दोन मिनिटांत गुदमरल्यासारखं झालं. नूतन तिथे दोन दिवस कोंडलेली होती. खाली पाणी भरायलाही आता तिची सासू सरलाबाईच जात होत्या. फोन नवऱ्याने काढून घेतलेला.

ती भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसले आणि सरळ विचारलं, तू टाकलंस?

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग बोलली. आप्पा लिहायचे ते सगळं तिच्या फोनवरही यायचं. सुरुवातीला तिला वाटलं, बरं झालं, काय हवं-नको ते कळेल. मग रोज सकाळी डोळे उघडले की आधी स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं आणि नंतर त्यांना चहा द्यायचा, असं सुरू झालं. होळीच्या सुमाराला तिने आपल्या फोनवरचं सिंकच बंद करून टाकलं. नको ते डोळ्यांसमोर.

“टाकावंसं रोज वाटलं, चंचलताई. खोटं कशाला बोलू? पण त्यांच्याकडे बोलायला तेवढंच आहे. ते मी कसं टाकेन?”

तिने पुढचा गोळा हातात घेतला. तिला जायचं दुःख नव्हतं, हे तिने स्पष्ट सांगितलं. या घरात तिला सुख लागत होतं असंही नाही. पण अशी गेली तर चोर म्हणून जाईल. गावात बायका विचारतील, काय केलंस गं? काय सांगायचं, मुक्या सासऱ्याचे शब्द चोरले? असल्या डागाला साबण नसतो, म्हणाली. हे बोलून तिने चुलीकडे तोंड फिरवलं.

सरलाबाई शेजारीच गहू निवडत होत्या. त्यांच्या मागे फडताळावर पितळी आणि स्टीलचे डबे ओळीने लावलेले. त्या डब्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. कशात काय आहे ते त्यांना आणि देवालाच ठाऊक. त्यांना मी विचारलं, मावशी, आप्पांचं लिहिलेलं कोण फेकून देतं, काही दिसलं का?

“माले काय माहीत व माय,” त्या म्हणाल्या. “मी कसाले फेकसू? त्यास्नं बोलनं शे ते.”

बाई खरं बोलत होती. इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या थापा ऐकून मला तेवढं कळतं. पण सूनही खरं बोलत होती. मग खोटं बोलायला उरलं कोण?

निघताना आप्पांनी गुडघे आखडले नाहीत. दार अडवून ते फोनवर काहीतरी लिहीत होते. लिहून झालं तसं त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला. ‘तीच. रोज माझी जीभ कापते.’

३

माझा संशय आता भूपेंद्रवर होता, आणि मी तो लपवला नाही. बाप रात्री गाऱ्हाणी लिहून ठेवणार, हा दिवसभर रंगाच्या वाफेत उभा राहून घरी येणार आणि चप्पल काढायच्या आत समोर फोन. याला काय ते वाचायची हौस असेल? दोन गाऱ्हाणी उडवली तर एक संध्याकाळ सुटली. वर बायकोवर ढकलता येतं ते वेगळंच.

संध्याकाळी तो दुकानासमोरून जाताना मी त्याला अडवलं आणि तोंडावर विचारलं. तो चिडला नाही, उलट थकल्यासारखा स्टुलावर बसला. म्हणाला, वाटतं तसं कधीकधी. पण आप्पांच्या नोट्स जातात त्या दुपारी. जेवून ते झोपतात, फोन उशाशी असतो, उठले की काहीतरी गेलेलं असतं. त्या वेळी मी पलसाण्याला. आमच्या मिलमध्ये फोन गेटवर जमा करून आत जावं लागतं, वाटलं तर तिथल्या माणसाला विचारा. विचारायची गरज नव्हती. त्याच मिलमधले निम्मे लोक माझं गिऱ्हाईक आहेत आणि सगळे त्याच गेटला शिव्या देतात.

नूतनचा फोन त्याच्या खिशात होता. मी तो मागून घेतला. सिंक खरंच बंद होतं आणि होळीपर्यंतच्या आप्पांच्या सगळ्या नोट्स तिथे जशाच्या तशा होत्या. मी म्हटलं, बघ, ज्याला पुसायचंय तो स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवेल का? तो म्हणाला, तिला आप्पांच्या उशाचा फोन उचलायला कोण अडवतंय? हेही खरं होतं. झक मारली आणि वकिली केली असं मला झालं.

शनिवारी मी आप्पांना दुकानात बसवून घेतलं. फोन ठेवून जा म्हटलं तर तयार नव्हते. आपली जीभ कुणी दुकानात ठेवून जातं का? तेव्हा ते स्टुलावर आणि मी काउंटरमागे. मी ठरवलं की कोण टाकतंय हा प्रश्नच सोडून द्यायचा. काय टाकलंय आणि काय ठेवलंय तेवढंच बघायचं.

जे जागेवर राहिलं होतं ते आधी वाचलं. ‘चहात साखर नाही.’ ‘पंखा वाढव.’ ‘नूतनच्या भाजीला चव नाही.’ ‘नूतनला काही शिकवून पाठवलं नाही.’ ‘ही भाजी कुत्रं खाणार नाही.’ अशा एक-एक ओळीच्या कितीतरी. एकीलाही धक्का नव्हता.

मग ट्रॅश उघडलं. तिथे नूतनबद्दलची दोन लांबलचक गाऱ्हाणी होती, ती असणारच. पण त्यांच्या शेजारी भजनी मंडळाची रामनवमीची हातभर शुभेच्छा होती, कुणीतरी पाठवलेली आणि आप्पांनी उतरवून ठेवलेली. डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी सांगितलेल्या सूचना होत्या. आणि आणखी एक नोट होती. ती मी वाचायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले, कारण ती माझ्यासाठी नव्हती.

मी फोन खाली ठेवला आणि डोक्याला हात लावला. एवढी साधी गोष्ट.

विचार करा. तुम्ही ती सून आहात, सासऱ्याचा फोन हातात आलाय, सासरा झोपलाय. तुम्ही पहिलं काय पुसाल? ‘कुत्रं खाणार नाही’ हेच ना? ते तर डोळ्यांसमोर वरच होतं आणि ते कुणी शिवलंही नव्हतं. उलट रामनवमीच्या शुभेच्छांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? आणि डॉक्टरच्या सूचना टाकून कुणाचा फायदा? वाचून टाकणारा माणूस अशी निवड करूच शकत नाही. टाकलेल्या नोट्समध्ये सारखी असलेली गोष्ट एकच होती. त्या सगळ्या लांब होत्या. म्हणजे टाकणाऱ्याने अर्थ पाहिलाच नव्हता, नुसती लांबी पाहिली होती.

टाकणाऱ्याला वाचता येत नव्हतं. घरात लेकरू नाही. आणि ज्या कारणाने भूपेंद्रने एका माणसाला पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं, तेच कारण आता त्या माणसाकडे बोट दाखवत होतं.

पण ती माऊली? जी म्हणते, त्यांचं बोलणं मी कशाला फेकीन? आणि खरं म्हणते?

४

रविवारी सकाळी सुकदेव येऊन बसला होता. नूतनचा धाकटा भाऊ, रात्रभर एसटीत चेंगरून आलेला, बिचारा कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. नूतनची बॅग भिंतीला टेकवून ठेवलेली. सगळे खाली बसलेले, आप्पा तेवढे दारातल्या खुर्चीवर. पंखा गरम हवा फिरवत होता. मी आत शिरले तशी भूपेंद्र म्हणाला, चंचलबेन, आता राहू द्या.

मी म्हटलं, एक प्रश्न विचारते आणि जाते.

रात्री अंथरुणावर पडून मी तो प्रश्न नीट जुळवला होता. त्या घरात आठवडाभर सगळे एकच विचारत होते, आप्पांचं कुणी फेकलं, कुणी पुसलं, कुणी चोरलं. त्याला सरलाबाई नाही म्हणत होत्या, कारण त्यांनी त्यातलं काहीच केलं नव्हतं. मी आप्पांचा फोन मागून घेतला, सरलाबाईंशेजारी मांडी घातली आणि विचारलं, “मावशी, आप्पांचं लिहिलेलं तुम्ही ठेवता कुठे?”

बाईचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्यांना कुणी त्यांच्या ठेवणीबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले, फोन घेतला, एक लांब नोट उघडली आणि खालच्या चिन्हावर बोट टेकवलं. त्या चिन्हाला वर झाकण असतं, झाकणाला कडी असते, अंगावर उभ्या रेघा असतात.

“ह्या डबामा,” त्या म्हणाल्या. “मोठं मोठं सगळं डबामा ठेयेल शे. आखाजीले रुखमी येई, ती वाची दाखाडी.”

नोट आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. भूपेंद्रने तोंडावर हात ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या अहिराणीत बोलत होत्या, अधूनमधून लाजत होत्या. आप्पा संध्याकाळी लिहायला बसतात तेव्हा बायकोकडे बघून लिहितात. पूर्वी असेच तिच्याकडे बघून बोलायचे. लिहून झालं की दाखवतात. तिला काही कळत नाही, ती मान हलवते. बारीक लिहिलेलं म्हणजे चहापाणी, ते तिला कळतं. मोठं लिहिलेलं म्हणजे मनातलं असणार. ते मुलाकडून वाचून घ्यायचं? सुनेकडून? नवरा-बायकोतलं? शरम वाटते. रुखमी, म्हणजे रुक्मिणी, त्यांची लेक, नंदुरबारला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतातच, ती आली की दार लावून तिच्याकडून सगळं एकदम वाचून घ्यायचं ठरलेलं. होळीपासून त्या रोज दुपारी, आप्पा झोपले की, त्यांचे मोठे मोठे शब्द एकेक करून डब्यात घालत होत्या. घरातली चांगली वस्तू आणखी कुठे ठेवतात? मधेच मी परत काढून ठेवलेल्या नोट्स बघून त्यांना वाटलं, डब्याचं झाकण सैल आहे. त्यांनी पुन्हा भरल्या.

सरलाबाईंना अजून काही कळलं नव्हतं. त्या आमच्या तोंडांकडे बघत होत्या. मीच सांगितलं, मावशी, तो डबा नाही. तो केराचा डबा आहे. थोडे दिवस राहतं, मग पालिकेची गाडी यावी तसं निघून जातं.

त्यांनी फोन आप्पांच्या मांडीवर ठेवला. मग आप्पांकडे बघून म्हणाल्या, “मी फेकं का हो तुमनं?” आणि तोंडाला पदर लावला. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

आप्पा भराभरा लिहायला लागले. लिहिलं आणि फोन उचलून बायकोसमोर धरणार, तेवढ्यात हात मधेच थांबला. तिला वाचता येत नाही हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला. आयुष्यभर दोघांचं सगळं तोंडी झालेलं, आणि आता त्यांच्यापासून तिच्यापर्यंत पोचायला घरातल्या कुणाचं तरी तोंड लागणार होतं.

५

होळीआधीचं सगळं नूतनच्या फोनमध्ये आहे, भूपेंद्रला एकदम सुचलं. त्याने खिशातून तो काढला आणि आपल्या फोनचं नेट त्याला जोडायला लागला, सिंक करून सगळं परत आणतो म्हणाला. मी झडप घालून फोन हिसकावला. म्हटलं, शहाण्या, सिंक केलंस तर आप्पांच्या फोनमध्ये जे पुसलंय ते यातूनही पुसलं जाईल. हे वाचलंय तेच सिंक बंद होतं म्हणून. आता उघडायचं आणि वाचायचं, बस.

“वाचा कोनी,” सरलाबाई म्हणाल्या. “आते काय ऱ्हायनं लपाडाले.”

पण वाचणार कोण? भूपेंद्रने मान खाली घातली. सुकदेव परका. मी तर शेजारीण. सरलाबाईंनी नूतनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तू वाच, बाई.

नूतनने आपला फोन माझ्या हातून घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने एकेक नोट मोठ्याने वाचली. एक शब्द गाळला नाही, एक शब्द वाढवला नाही, आवाजही चढवला नाही. ‘सून मुद्दाम मीठ कमी टाकते. माझा गळा गेला तशी जीभही गेली असं तिला वाटतं. हिच्या आईने हिला काय शिकवलं देव जाणे.’ ‘आज तिने मला दोनदा चहा विचारला, म्हणजे लोकांना ऐकू जावं म्हणून.’ हे सगळं तिने आधी वाचलेलं होतं, तिला बघायचीही गरज लागत नव्हती. भाऊ समोर बसून आईचं नाव ऐकत होता. आप्पा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. एकदा हात वर केला. पण थांब म्हणायला आवाज कुठून आणणार? दारात खुर्ची टाकून त्यांनी आठवडाभर तिला अडवलं होतं, आणि आता तीच खुर्ची सोडून त्यांना उठताही येईना.

सरलाबाई ऐकत होत्या. पुढच्या नोटमध्ये तरी आपलं काही असेल अशा आशेने दर खेपेला मान उचलत होत्या. मला त्यांची दया आली.

मग मी आप्पांच्या फोनवरच्या ट्रॅशमधल्या नोट्स बाहेर काढून तो नूतनला दिला. या तिने वाचलेल्या नव्हत्या. आधी डॉक्टरांच्या सूचना आल्या. नळी कशी धुवायची, आंघोळीला पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, आणि मग, ‘श्वास नाकातून जात नाही म्हणून वास येणार नाही. वास नाही म्हणून जेवणाला चव लागणार नाही. हे असंच राहील.’

नूतन थांबली. भूपेंद्रकडे बघून तिने विचारलं, “हे कोणी लिहिलंय?”

“मीच,” तो म्हणाला. “डॉक्टर सांगत होते, मी उतरवून घेतलं. लक्षात नाही राहिलं.”

आतापर्यंत तिने कधी कुणाला उलटून विचारलं नसेल. तिने बोटाने ती नोट मागे सारली. शेवटची नोट उघडली. मी अर्ध्यावर सोडलेली ती हीच.

‘तुला वाचता येत नाही म्हणून लिहितो. रात्री नळीत कफ अडकतो तेव्हा मरतो की काय वाटतं. तुला उठवावंसं वाटतं. हाक मारता येत नाही, हात लावला तर दचकशील. मग सून उठते. तिला कसं कळतं माहीत नाही. दिवा न लावता येते, नळी काढून पुसते आणि परत बसवते. दिवसा ती काही बोलत नाही. मला लाज वाटते. दिवसा मी तिचं तोंड बघू शकत नाही, म्हणून भांडतो. तुला हे कधी सांगणार नाही.’

शेवटच्या दोन ओळी तिने इतक्या हळू वाचल्या, की मला पुढे झुकावं लागलं. सरलाबाईंना आपल्यासाठीचं मिळालं होतं, आणि ते सुनेबद्दलचं होतं. त्या उठल्या, आप्पांच्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आप्पांच्या नळीतून नुसता श्वास वाजत होता. त्यांचे डोळे वाहत होते, रडण्याला आवाज नव्हता.

भूपेंद्रने घसा साफ केला. मोकळा झाला होता बिचारा. सुकदेवला म्हणाला, चला, झालं सगळं क्लियर, आता कशाला न्यायचं? दोन दिवस तुम्हीच राहा इथे. नूतन, चहा ठेव.

नूतन जागची हलली नाही. “चोर मी नाही हे ठरलं,” ती म्हणाली. “मी इथे राहायचं की नाही, हे कुणी ठरवलं?”

निर्दोष ठरली म्हणजे ती आपली चुलीपाशी जाणार असं मीही धरूनच चालले होते. आप्पांनी तिच्याकडे हात केला. तिने फोन त्यांना दिला. त्यांनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग फोन तिच्या नाकासमोर न धरता दोन्ही हातांनी तिच्या पुढे केला.

तिने तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “‘राहशील का?’”

भूपेंद्र काहीतरी बोलणार होता, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. नूतनने फोन आप्पांच्या हातात परत दिला. विचारलंत, बरं वाटलं, म्हणाली. उत्तर तिकडून देईन. तिने स्वतः बॅग उचलली. आप्पांनी दोन्ही हात टेकून उठत खुर्ची बाजूला ओढली आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

मी तिच्याबरोबर खाली उतरले. राहवलं नाही, जिन्यावर विचारलंच, काय गं, येणार ना परत? ती हसली. या घरात मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

“ताई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्या उत्तरासाठी थांबलंय. थांबू द्या ना जरा.”

खाली सुकदेवने रिक्षा थांबवली होती. तिने बॅग आत सारली, साडीचा घोळ आवरला आणि बसली.